यमराज दादरला अडकले आणि मला हसू आलं नाही

यंदाच्या दिवाळीत मी एक यमराज अर्ध्यात सोडून दिला.

दादर स्टेशनवर उभा होता बिचारा. रेड्याला लोकलमध्ये घेत नव्हते, चित्रगुप्ताचा लॅपटॉप हँग झालेला, आणि ज्याचे प्राण न्यायचे तो गृहस्थ फास्ट लोकल पकडून केव्हाच पुढे निघून गेलेला. तिसऱ्या पानावरच मला कळलं की शेवटी यमराज गर्दीपुढे हात टेकणार, मोकळ्या हातानं यमलोकी परतणार आणि जाता जाता, मुंबईकर रोजच मरतो, त्याला मी आणखी काय मारू, अशा अर्थाचं एक वाक्य टाकणार. शेवटचं पान उलटून पाहिलं. टाकलं होतं.

दुसरा अंक घेतला. त्यात पिंपळ तोडून टॉवर बांधला म्हणून बेघर झालेला मुंजा बाराव्या मजल्यावर राहायला आला होता, आणि सोसायटीचे सेक्रेटरी त्याच्याकडे मेंटेनन्सची थकबाकी मागत होते. तिसऱ्यात नारदमुनी रील बनवत होते. चौथा अंक उघडलाच नाही. उठून चहा टाकला.

एरवी हे तुम्हाला सांगत बसले नसते. इथे मी भूकंप, धरण, आलेख असल्या गोष्टी लिहिते आणि तुम्ही त्या सोसता. पण हा कथाप्रकार माझा लाडका आहे, अगदी लहानपणापासूनचा. कोयनानगरात पाऊस लागला की चार महिने बाहेर जायची सोय नसते. तेव्हा वाचनालयातून आणलेले जुने दिवाळी अंक हाच आधार. त्यात मधुकर पाटकरांनी सुरू केलेला 'आवाज' असायचा. त्याची खिडकीचित्रं तुम्हाला आठवत असतील: बाहेरून चावट वाटणारं चित्र, खिडकी उघडली की आत भलतंच सोज्वळ काहीतरी. आमच्या हाती अंक येईपर्यंत प्रत्येक खिडकी कुणीतरी उघडून, चुरगाळून ठेवलेली असायची. म्हणजे विनोद काय आहे ते आधीच दिसत असायचं, हसायचं कुठे तेवढं आपण ठरवायचं. तरी भुताच्या आणि देवांच्या गोष्टी मी हावरटासारख्या वाचायचे. आता वाचवत नाहीत, याचं वाईट वाटतंय.

दुसरं कारण जरा लाजिरवाणं आहे. मी स्वतः अशीच एक गोष्ट लिहीत होते. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी प्रकार कुठला ते ठरवू. इंग्रजीत याला अर्बन फँटसी म्हणतात. आपण शहरी अद्भुतकथा म्हणू. जग तुमचं-माझंच, रस्ते तेच, बस तीच, फक्त त्यात देव, भुतं, चेटूक मुकाट राहतात. ती विनोदी असेल तर चेटक्यालाही रेशनकार्ड लागतं. इंग्रजीत याच्या मालिकाच्या मालिका आहेत. बेन आरोनोविच यांची 'रिव्हर्स ऑफ लंडन' २०११ साली आली. तिच्यात लंडन पोलिसांतला एक साधा शिपाई जादूच्या गुन्ह्यांचा तपास करतो आणि थेम्स नदीची देवी ही मुळात नायजेरियातून आलेली नर्सिंगची विद्यार्थिनी असते. ती चालली, आणि मग पोलीस अधिक भुतं, वकील अधिक राक्षस, कॉफीचं दुकान अधिक चेटकीण अशी रांग लागली. ही पुस्तकं वाचणारे माझ्या ओळखीचे बरेच जण तिसऱ्या-चौथ्या पुस्तकानंतर तेच सांगतात जे मला दादरच्या यमराजानं सांगितलं: कंटाळा आला, पण नेमका कशाचा ते सांगता येत नाही.

मराठीत अशा कादंबऱ्या फारशा नाहीत. आपल्याकडे हा प्रकार दिवाळी अंकातल्या कथेत, एकांकिकेत आणि सिनेमात राहतो. 'एक डाव भुताचा'मधलं अशोक सराफ यांचं भूत आणि दिलीप प्रभावळकर यांचा शाळामास्तर (१९८२), 'झपाटलेला'तला तात्या विंचू (१९९३), 'अगं बाई अरेच्चा!'मधला बायकांच्या मनातलं ऐकू येणारा मुंबईकर (२००४), हे सगळे त्याच घरातले. आणि मूळ धुंडाळायचं तर आणखी मागे जावं लागेल. तमाशाची गवळण घ्या. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींना कृष्ण आणि पेंद्या वाटेत अडवतात, दाण मागतात, मावशी भांडते, आणि सगळे बोलतात मात्र कालच्या बाजाराचं, आजच्या पुढाऱ्याचं. देवाला आपल्या गल्लीत आणून बसवण्याचं काम आमच्या सातारा-सांगलीच्या फडांनी शहरी अद्भुतकथा हे नाव कुणाला सुचण्याच्या कितीतरी आधी केलंय.

तर प्रश्न असा की वाचक दमला म्हणजे नक्की काय झालं?

इथे माझ्यातली पीएच.डी.वाली जागी होते, माफ करा. 'दमणं' आणि 'सरावणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या करण्याची एक छान सोपी चाचणी आहे. समुद्रात अ‍ॅप्लिसिया नावाची मोठी गोगलगाय असते. तिच्या सायफनला, म्हणजे पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीला, हलकेच स्पर्श केला की ती आपला कल्ला आत ओढून घेते. पुन्हा स्पर्श केला की पुन्हा ओढते, पण जरा कमी. असं दहा-बारा वेळा केलं की जवळजवळ दुर्लक्षच करते. एरिक कँडेल यांनी या गोगलगाईवर आयुष्य घालवलं आणि त्या कामासाठी २००० सालचं नोबेल त्यांना विभागून मिळालं.

आता ती कल्ला ओढत नाही, याची कारणं दोन असू शकतात. एक, स्नायू थकले. दोन, 'हे काही महत्त्वाचं नाही' हे तिच्या चेतापेशींनी शिकून घेतलं. ओळखायचं कसं? शेपटीला जोराचा झटका द्या आणि मग तोच पहिला हलका स्पर्श करा. कल्ला झटकन आत गेला तर स्नायू थकलेले नव्हतेच. ती सरावली होती. याला इंग्रजीत हॅबिच्युएशन म्हणतात. मी सराव म्हणते.

माझ्यावर ही चाचणी आपोआपच झाली. त्याच संध्याकाळी मामेभावानं फोनवर त्याच्या ऑफिसातला एक किस्सा सांगितला आणि मी पोट धरून हसले. म्हणजे हसायचे स्नायू शाबूत आहेत. मी विनोदाला दमलेली नाही, अद्भुतालाही नाही. एका विशिष्ट स्पर्शाला सरावलेय. तो स्पर्श म्हणजे एक मोठी पुराणातली गोष्ट आणि एक छोटी रोजची कटकट शेजारी शेजारी ठेवायची: यमराज आणि लोकल, मुंजा आणि मेंटेनन्स. दोघांमधली दरी पाहून पहिल्यांदा हसू फुटतं. दहाव्यांदा दरी कुठे आहे ते आधीच माहीत असतं, आणि माहीत असलेल्या खड्ड्यात कुणी पडत नाही.

रिचर्ड थॉम्पसन आणि अल्डेन स्पेन्सर या दोघांनी १९६६ साली सरावाची नऊ लक्षणं मांडली. ती वाचताना मला राहून राहून दिवाळी अंकांचे संपादक आठवत होते. नऊच्या नऊ तुमच्या माथी मारत नाही, तीनच सांगते.

एक लक्षण असं की सराव एका उद्दीपनावरून त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्यावर पसरतो. यमराजाला सरावलेला वाचक नारदालाही अर्धा सरावलेला असतो. त्यामुळे यंदा यमराज नको, हडळ घेऊ, पुढच्या वर्षी वेताळ, त्यानंतर विलायती व्हॅम्पायर, या उपायाचा फायदा थोडा आणि थोडाच वेळ होतो. लेखकाला वाटतं आपण नवीन आणलं. वाचकाच्या लेखी फक्त मुखवटा बदललेला असतो, मागचा नट तोच.

दुसरं म्हणजे मध्ये विश्रांती मिळाली तर प्रतिसाद परत येतो. दिवाळी अंक वर्षातून एकदा येत होता, त्यात हा शहाणपणा आपोआप होता. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा त्यांच्या मनात गोगलगाय नक्कीच नसणार, पण वर्षाची विश्रांती ही वाचकाला मिळालेली मोठी सवलत होती. आता तोच यमराज मोबाइलवर रोज सकाळी येतो, गुड मॉर्निंगच्या फुलांच्या आधी.

तिसरं जरा क्रूर आहे. विश्रांतीनंतर प्रतिसाद परत येतो खरा, पण पुन्हा सरावायला आधीपेक्षा कमी वेळ लागतो. म्हणून मागच्या दिवाळीत सहाव्या पानावर आलेला कंटाळा यंदा तिसऱ्यावर आला. पुढच्या वर्षी बहुधा शीर्षकातच येईल.

इथवर लिहून झाल्यावर मला वाटलं होतं, झाला लेख. सरावाचा सिद्धांत, दिवाळी अंकाला लावला, शाबासकी. पण घरातलंच एक उदाहरण त्यात बसेना.

माझी आजी ऐंशीच्या पुढची. तिचं माहेर कोयनेच्या काठावर होतं, ते शिवसागर जलाशयात गेलं. माहेरची माणसं उठून सांगली जिल्ह्यातल्या माळावर गेली. आजोबा मात्र याच धरणाच्या कामावर होते, म्हणून आजी इथे राहिली. ज्या भिंतीनं माहेर बुडवलं तिच्या मजुरीवर सासर चाललं, असं ती कधी कधी म्हणते, फारसं वाईट न वाटून घेता. तर तिची एक गोष्ट आहे. ती मी कळायला लागल्यापासून ऐकतेय.

पाणी चढायला लागलं तसं गाव उठलं. गावाची वाघजाई, म्हणजे शेंदूर फासलेला तांदळा, तीही उठवली. ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या, कणग्या, म्हाताऱ्या, आणि मध्ये वाघजाई. पाटणच्या वळणांवर देवीला मोटार लागली. गुरवाच्या अंगात येऊन म्हणाली, थांबवा, मला वकारी येतीया. ट्रकवाला म्हणाला, कराडला थांबू. देवी म्हणाली, मी देवी हाय का तू? अखेर थांबवला. मग माळावर पोचल्यावर साहेब आला, कागद घेऊन. नाव? वाघजाई. नवऱ्याचं नाव? (इथे आजी पाच मिनिटं घेते.) जमीन किती बुडाली? सगळा डोंगर माझाच. सोबत कोण कोण? तर देवी म्हणाली, माझा वाघ. साहेबानं कागद उलटा केला, सुलटा केला. म्हणाला, बैल, म्हैस, शेळी, कोंबडी असे रकाने आहेत. वाघाचा रकाना न्हाई.

"आन वाघ ऱ्हायला तिकडंच," असं म्हणून आजी थांबते.

ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल? शंभर? प्रत्येक वाक्य पाठ आहे. मोटार लागते तिथे आम्ही सगळे हसतो, रकान्यापाशी हसतो, आणि शेवटी कुणी काही बोलत नाही. २०१० साली कोयना अभयारण्य सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं तेव्हा आजीनं शेवटी एक वाक्य वाढवलं: "आता बग, सरकारला घावला वाघ." त्यावर आम्ही आणखी हसलो. हीसुद्धा देव अधिक सरकारी कटकट एवढीच कथा आहे. सूत्र तंतोतंत दादरच्या यमराजाचं. मग सराव का होत नाही?

गवळणीचंही तेच. पेंद्या अडवणार, मावशी भांडणार, हे कुणाला माहीत नसतं? 'वस्त्रहरण'चे पाच हजारांवर प्रयोग झाले. त्यातले कित्येक प्रेक्षक दुसऱ्या-तिसऱ्यांदा आलेले होते आणि दुःशासनाचं काय होणार ते त्यांना मच्छिंद्र कांबळींइतकंच माहीत होतं. म्हणजे पुनरावृत्ती हे काही खरं कारण नव्हे. माझा सुबक सिद्धांत इथे अडला.

त्याचं उत्तर मला माझ्याच कामात मिळालं, आणि तेही रात्री अडीच वाजता.

कोयनेचे धक्के तुम्हाला ऐकून माहीत असतील. जलाशय भरू लागल्यानंतर, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून इथली जमीन हलतेय. ११ डिसेंबर १९६७ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा मोठा भूकंप झाला आणि सुमारे १८० माणसं गेली. त्यानंतर ५ किंवा त्याहून मोठे वीसवर भूकंप झाले. लहान तर हजारो, त्यांची नोंद ठेवणं हेच माझं काम. आम्ही इथे वाढलेली मुलं या लहान धक्क्यांना पूर्ण सरावलेली आहोत. मावशीकडे पुण्याहून पाहुणे आले की ते धावत अंगणात जातात आणि आम्ही कूस बदलतो. संशोधक म्हणून सांगायला लाज वाटते, पण २.८चा धक्का मला सकाळी पडद्यावर, सिस्मोग्रामच्या रेघेत कळतो.

त्या रात्रीही तसंच झालं असतं. पाणी प्यायला उठले होते म्हणून पाहिलं. भांड्यांचा किणकिण असा आवाज झाला, इतका बारीक की मी तो रस्त्यावरच्या ट्रकचा समजले. आजी मात्र दारात उभी होती. एक हात चौकटीवर, दुसऱ्या हातात पदराची गाठ. सदुसष्ट साली तिच्या कडेवर माझे वडील होते. अठ्ठावन्न वर्षं झाली, हजारो धक्के झाले, आणि आजी प्रत्येक धक्क्याला उठते. तीच जमीन, तेच हलणं. मी सरावले आणि आजी नाही.

गोगलगाईकडे परत या. हलक्या स्पर्शाला ती सरावते, पण शेपटीला झटका बसल्यानंतर साधा स्पर्शही तिला मोठा वाटू लागतो. याला संवेदीकरण म्हणतात. मज्जासंस्था नुसतं 'हे पुन्हा आलं' एवढंच मोजत नसते. आलं तेव्हा काय गेलं, तेही जपून ठेवते. ज्या गोष्टीनं कधी काही नेलं नाही ती झोपेत गेली तरी चालते. (वाचक म्हणजे गोगलगाय नव्हे, हे मला ठाऊक आहे, आणि आजीला तर मुळीच म्हणणार नाही. कल्ला ओढणं आणि कथा वाचणं यांच्यामध्ये मेंदूचा एक अख्खा महासागर आहे. मी इथे साम्य वापरतेय, सिद्धता देत नाही. माझ्या मार्गदर्शकांनी हा लेख वाचला तर त्यांच्यासाठी हा कंस.)

आता दादरचा यमराज पुन्हा काढा. त्याचं काय गेलं? रिकाम्या हातानं परत गेला, उद्या पुन्हा येईल. त्या गृहस्थाचं काय गेलं? काही नाही, तो सुटला. मुंज्याचं? पिंपळ गेला खरा, पण लेखकानं तो पहिल्याच वाक्यात गमतीनं तोडला आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिलं नाही. तिथे गोष्ट होती! पिंपळावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्याला बाराव्या मजल्यावर झोप कशी लागेल, हे विचारलं असतं तर मी अंक मिटला नसता. लेखकाला घाई होती सेक्रेटरीकडे जायची.

या प्रकारातली माझ्या मते सर्वांत उत्तम कथा मराठीत नाही, हिंदीत आहे: हरिशंकर परसाईंची 'भोलाराम का जीव'. साहित्य तेच, यमदूत, चित्रगुप्त, नारद, सरकारी कचेरी. एका निवृत्त माणसाचा जीव वाटेतच गायब झालेला असतो, त्याला शोधायला नारद पृथ्वीवर येतात. पेन्शन मिळत नाही म्हणून घर उपाशी. कचेरीत कागदावर 'वजन' ठेवल्याशिवाय फाइल हलत नाही, आणि नारदाला ठेवायला लागते ती स्वतःची वीणा. शेवटी जीव सापडतो तो पेन्शनच्या फायलीत, आणि स्वर्गात चल म्हटलं तर यायला तयार नसतो. मी ती कितव्यांदा वाचली ते मोजलेलं नाही. देवाची वीणा गेली, माणसाचा स्वर्ग गेला, आणि विनोद एकदाही थांबला नाही.

आपल्याकडच्या सिनेमांनाही हीच मोजपट्टी लावून पाहा. 'झपाटलेला'ची कल्पना १९८८च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकी सिनेमाच्या जवळची आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण बाहुला हसवतो आणि खरंच मारतोही. त्याला लक्ष्याचं शरीर हवं असतं, म्हणजे प्रत्येक गमतीमागे लक्ष्मीकांत बेर्डे यांनी रंगवलेल्या त्या भोळ्या माणसाचा जीव टांगलेला. रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याचे डोळे फिरले की आमच्या घरात हसू आणि किंकाळी एकदमच यायची. २०१३चा 'झपाटलेला २' थ्रीडी होता. उद्दीपन मोठं केलं की प्रतिसाद थोडा वाढतो, तेवढा वाढला. तात्या विंचू चष्म्यातून अंगावर आला, पण माझ्या तरी पोटात काही हललं नाही. 'अगं बाई अरेच्चा!'त केदार शिंदेंनी नियम एकच ठेवला, देवीच्या कृपेनं नायकाला बायकांच्या मनातलं ऐकू येतं, आणि मग त्या नियमाची किंमत वसूल केली: आपल्या घरातल्या बायका आपल्याबद्दल काय विचार करतात हे ऐकणं ही काही नुसती गंमत नाही. कल्पना 'व्हॉट विमेन वाँट'सारखी असली तरी चाळीएवढं भरलेलं ते घर इथलंच आहे.

आणि ज्याचं नाव घेतल्याशिवाय या विषयावर लिहिता येत नाही तो टेरी प्रॅचेट. डिस्कवर्ल्डच्या ४१ कादंबऱ्या, १९८३पासून २०१५पर्यंत. सिद्धांताप्रमाणे वाचक दहाव्या पुस्तकाला मेला पाहिजे. पहिली एक-दोन पुस्तकं आजही मला तशीच वाटतात, चेटक्यांची थट्टा, एकामागून एक. मग १९८७च्या 'मॉर्ट'मध्ये साक्षात मृत्यू एक शिकाऊ पोरगा कामाला ठेवतो आणि त्या पोरग्याला ज्याचा जीव घ्यायचा त्याचीच दया येते. तिथून गाडीनं रूळ बदलले. पुढे 'स्मॉल गॉड्स'मध्ये देवाची ताकद भक्तांच्या विश्वासावर असते आणि खरा विश्वास ठेवणारा एकच माणूस उरलेला असतो. तो गेला तर देव गेला. नंतरच्या पुस्तकांत टपालखातं आलं, वर्तमानपत्र आलं, बँक आली. प्रॅचेटनं प्राणी बदलून भागवलं नाही, तो दर वेळी कुणाचं काय जाणार हे बदलत गेला.

एक गोष्ट आपल्या लेखकांच्या बाजूनं बोलली पाहिजे. देवाच्या थट्टेत खरी किंमत आणायची तर ती कुणाला तरी बोचणार. ४ जून २००८ला ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये महाभारतावर विनोद करणाऱ्या 'आम्ही पाचपुते' या नाटकाच्या वेळी बॉम्बस्फोट झाला, माणसं जखमी झाली. त्यानंतर कुणी यमराजाला फक्त लोकलमध्येच चढवत असेल, मंत्रालयात किंवा मंदिराच्या विश्वस्तांकडे नेत नसेल, तर त्याला भित्रा म्हणायला मी इथे डोंगरात बसून मोकळी नाही. पण गर्दी, खड्डे, वायफाय यांच्यावर कुणीच रागावत नाही, म्हणून तिथे सगळे जमतात, आणि मग आपल्याला जांभई येते. आजीच्या गोष्टीतला साहेबसुद्धा तसा निनावी आहे. तरी तो रकाना बोचतो.

आता माझी लाजिरवाणी गोष्ट. ही लिहायला घेतली ऑगस्टमध्ये. नायिका कोयनामाई. महाबळेश्वरला कृष्णेसोबत उगम, कराडला प्रीतिसंगमावर दोघी समोरासमोर भेटतात, ते तुम्ही पाहिलं असेल. माझी कोयनामाई नऊवारी नेसून विजेच्या ऑफिसात जाते आणि म्हणते, वीज माझ्या पाण्यावर करता आणि बिल मलाच पाठवता? क्लार्क म्हणतो, ग्राहक क्रमांक सांगा. असं आठ पानं. मला फार आवडलं होतं. आजीला वाचून दाखवलं. ती मन लावून ऐकत होती, दोनदा हसलीही. संपल्यावर म्हणाली, "चांगलं हाय. पर तिचं काय गेलं त्यात?"

मी म्हटलं, "अगं आजी, बिल आलं ना."

"ते तर समद्यास्नीच येतंय."

तेव्हा मला राग आला होता. आजीला साहित्यातलं काय कळतं, इथपर्यंत मजल गेली होती माझी. (ती सातवीपर्यंत शिकलीय आणि माझ्यापेक्षा जास्त दिवाळी अंक वाचते.) यमराज अर्ध्यात सोडल्यावर ती आठ पानं परत काढली. माझी कोयनामाई आणि दादरचा यमराज सख्खी भावंडं निघाली.

आणि तिचं काय गेलं हे तर मला आलेखासकट माहीत होतं! जलाशयाचं पुष्कळसं पाणी पूर्वेला जातच नाही. डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून ते पश्चिमेला वळवलंय, पोफळीच्या बाजूला खाली पडतं, टर्बाइन फिरवतं आणि वाशिष्ठीत जाऊन चिपळूणवरून अरबी समुद्राला मिळतं. म्हणजे जिनं जायचं कराडला बहिणीकडे, तिला मोठ्या वाट्यानं परक्या घाटाखाली उतरवलंय. मी रोज या पाण्याची पातळी वहीत मांडते आणि गोष्टीत तिला विजेचं बिल देऊन मोकळी झाले.

नवीन मसुद्याची दोन पानं झालीत. त्यात ती कराडच्या घाटावर उशिरा, अर्धीच पोचते आणि कृष्णा तिला विचारते, बाकीची कुठाय? विनोद अजून फारसा झालेला नाही. क्लार्कला ठेवलंय, तो कामाचा माणूस आहे. फक्त आता त्याच्याकडे जो अर्ज आहे त्यात नदीनं दिशा लिहायची आहे, आणि रकाना एकाच दिशेचा आहे. आजी म्हणते, रकाना माझा चोरलास. मी म्हटलं, वाघ परत देईन.

उरलेले अंक शनिवारी वाचनालयात परत करायचे आहेत. चौथा अजून उघडलेला नाही. त्याच्या अनुक्रमणिकेत एक वेताळ दिसतोय, हिंजवडीचा. आजीनं तो आधीच वाचलाय आणि मला सांगायला तयार नाही.